पाचरेची पातळ बाजू

एकदा एक विद्वान तरुण एका शब्दाच्या प्रेमात पडला. इथवर काही बिघडले नव्हते. विद्वानांनी शब्दांच्या प्रेमात पडावे हे रीतीला धरूनच आहे, आणि शब्द कधी कोणाला नकारही देत नाहीत. पण पुढे तो एका मुलीच्याही प्रेमात पडला आणि तिथून घोळ सुरू झाला, कारण मुलीला वडील असतात.

तरुणाचे नाव विद्याधर. सावंतवाडीकडच्या एका गावातला, तिथल्याच हायस्कुलात शिकवणारा. शाळा सुटली की तो एका वृद्ध गुरुजींकडे जाई. हे गुरुजी उभे आयुष्य मुंबईत संस्कृत आणि लॅटिन शिकवून म्हातारपणी गावी परतले होते. त्यांची शिकवण्याची तऱ्हा जगावेगळी होती. शिष्य आला की ते त्याला एक शब्द देत आणि सांगत, "ह्याच्याशी नीट ओळख करून घे. एका शब्दाशी धड ओळख झाली की भाषा आपणहून दार उघडते."

कोणाला प्रकाश मिळाला होता, कोणाला मैत्री. एका भाग्यवंताला तर 'प्रेम' हा शब्द मिळाला होता आणि तो त्यावर वहीच्या वह्या भरत होता. विद्याधरच्या वाट्याला आला लॅटिनमधला 'कुनेउस'. अर्थ काय, तर पाचर. लाकूड फोडायची पाचर.

"गुरुजी, बदलून मिळेल का?" विद्याधरने बाजारात डागी आंबा परत करावा तशा आवाजात विचारले.

"नाही," गुरुजी म्हणाले.

आठवडाभर तो रुसला होता. मग निरुपाय म्हणून त्याने कोश उघडला, आणि पाहता पाहता त्याचे डोळेच विस्फारले. ही पाचर काही साधीसुधी नव्हती. रोमन सेना शत्रूच्या फळीत घुसताना पुढे निमुळती आणि मागे रुंद अशी उभी राही, त्या रचनेला हाच शब्द. त्यांची नाट्यगृहे अर्धवर्तुळाकार असत, आणि मधल्या पायऱ्यांमुळे बैठकींचे जे निमुळते तुकडे पडत त्यांनाही हाच शब्द. पुढे फ्रेंचांनी तो उचलला आणि नाण्यावर छाप उठवायच्या ठशाला लावला. तिथून तो इंग्रजांकडे गेला तेव्हा ठसा मागे पडला आणि नाणेच 'कॉइन' झाले. फ्रेंचांकडे मात्र आज त्याचा अर्थ कोपरा. आणि प्राचीन काळी मातीच्या विटांवर बोरू टोचून लिहीत त्या लिपीला पंडितांनी नाव दिले तेही ह्या पाचरेवरूनच. एका लाकडाच्या तुकड्याचा एवढा मोठा गोतावळा पाहून विद्याधर हरखून गेला.

त्याहून मौज होती ती ह्या शब्दाच्या जन्माची. मूळ कुठले ते छातीठोकपणे कोणीच सांगत नाही. काही पंडितांचा तर्क असा, की 'टोकदार' अशा अर्थाचे एक फार जुने मूळ असावे. आपला संस्कृत 'शूल' त्याच कुळातला असावा, आणि लॅटिनमधला डासाचा शब्दही. म्हणजे पाचर आणि डास ही, तर्क खरा मानला तर, सख्खी भावंडे! विद्याधरला हे इतके आवडले की संध्याकाळी डास चावला तरी तो मारण्याआधी क्षणभर आदराने पाहत असे. आम्हा शिकलेल्या लोकांचे हे असेच असते. रक्त जाते तरी मूळ सापडल्याचा आनंद होतो.

एक दिवस गुरुजींनी विचारले, "पाचर पाहिली आहेस का रे?"

"चित्रात पाहिली आहे."

"धुरींच्या वखारीत जा. हातात घेऊन बघ."

आता वखारीतल्या माणसांची ओळख करून दिली पाहिजे. धुरीशेट म्हणजे तालुक्यातले लाकडाचे बडे व्यापारी. मनाने मोकळे आणि आवाजाने त्याहून मोकळे. नदीपलीकडच्या माणसाशीही ते नदी न ओलांडता बोलू शकत. दुसऱ्याचे वाक्य अर्ध्यावर आले की पुढचे अर्धे तेच पुरे करीत, आणि बहुधा चुकीचे पुरे करीत. बायको काही वर्षांपूर्वी वारली. घरात एकुलती मुलगी शालन. वखारीचा निम्मा कारभार तीच पाही. कुठला ओंडका दाराला जाईल, कुठला होडीला आणि कुठला नुसता चुलीत जायच्या लायकीचा, हे ती सालीवर हात फिरवून सांगे.

विद्याधर गेला तेव्हा तिने एका ढिगातून लोखंडी पाचर काढून त्याच्या हातात ठेवली. "ही घे. पायावर पाडू नको."

"हीच ती!" विद्याधर भारावून म्हणाला.

"ती कोण?" शालनने विचारले, आणि मग वखार बंद व्हायची वेळ होईपर्यंत ती कोण ते ऐकत बसली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. पाचर पाहायला, असे त्याने आईला सांगितले. पाचर एका भेटीत पाहून होते हे त्या माउलीला ठाऊक होते. पावसाळा सरला, दिवाळी आली, तरी ह्याचे पाचर पाहणे काही संपेना. शेवटी शालननेच एका संध्याकाळी सांगून टाकले, "बाबांशी येऊन बोल. मी तयार आसंय."

आणि विद्याधर बोलायला गेला. हेच चुकले.

धुरीशेटांनी त्याला पडवीत बसवले, चहा आणि ताटलीभर खाजे पुढे केले, आणि कोणीही बाप विचारील तोच पहिला प्रश्न विचारला.

"काय करतंस?"

'हायस्कुलात शिकवतो' एवढे उत्तर पुरले असते. पण विद्याधरला वाटले, पोट भरायला आपण शिकवतो ते वेगळे आणि आपण खरे जे करतो ते वेगळे. होणाऱ्या सासऱ्यापाशी खरे तेच सांगावे. त्याने खाकरून सुरुवात केली.

"मी एका शब्दावर काम करतो. त्याचं मूळ निश्चित नाही. काहींनी 'तीक्ष्ण' अशा अर्थाचं एक प्राचीन मूळ कल्पिलं आहे. त्याच कुळात लॅटिनमधला डास येतो."

"डास?"

"हो. सोंडेमुळे."

धुरीशेटांनी दारात उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिले आणि पुन्हा ह्याच्याकडे पाहिले. "म्हणजे मलेरिया खात्यात आसंस?"

"नाही, नाही. डास हा केवळ भाऊ."

"कोणाचो भाव?"

"पाचरेचा."

धुरीशेटांनी कप खाली ठेवला. चाळीस वर्षे ते पाचरांशी व्यवहार करत आले होते, पण पाचरेला भाऊ असल्याचे त्यांच्या कानावर आले नव्हते. तरी माणूस सज्जन. त्यांनी दुसरा, आणखी सोपा प्रश्न काढला. "बरा. घरात कोण कोण आसत?"

"घर ह्या शब्दाचीही गंमत आहे," विद्याधर उजळून म्हणाला. "लॅटिनमध्ये घराला 'दोमुस' म्हणतात. आपल्या वेदांत घराला 'दम' म्हटलं आहे, तो त्याचाच सोयरा."

"माझो तर दम संपलो," धुरीशेट म्हणाले आणि उठून आत गेले.

विद्याधर गेल्यावर त्यांनी मुलीला जे सांगितले ते चार घरांपलीकडेही ऐकू गेले. "शालन, ह्या माणसाक तांब्याभर पाणी आण म्हणान सांगला, तर ह्यो बाव कोणी खणली ता सांगत बसतलो. तवसर माणूस तानेन मरात! पाचरेचो भाव कोण ता माका कळला. ह्याका आवस-बापूस आसत की नाय, ता अजून कळूक नाय!"

माझ्या मते ह्यात धुरीशेटांचे काही चुकले नाही. आपली एकुलती लेक ज्याच्या हाती द्यायची त्याला आईबाप आहेत की नाहीत, हे बापाने विचारू नये तर कोणी विचारावे?

पण त्यांच्या हाताशी दुसरे स्थळही होते. वेंगुर्ल्याचा एक काजूचा कारखानदार. त्या मुलाचा गुण असा की तो प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' म्हणे आणि थांबे. सोमवारी ती मंडळी नारळ घेऊन यायची होती. नारळ ओटीत पडला की झाले, मग काही मागे फिरत नाही.

शालनने वडिलांपाशी धरणे धरले. धुरीशेट आधी ओरडले, मग नरमले. "रविवारी सकाळी येऊ दे. एकदाच. पण लॅटिन काढल्यान तर मी उठतलंय."

शनिवारी सकाळी तिने शाळेच्या फाटकाशी विद्याधरला गाठले. "उद्या ये. आणि मेल्या, साधा बोल! नायतर सोमवारी नारळ माझ्या वटीत पडतलो, आणि तू बस डास मारीत." हे बोलताना ती हसत नव्हती. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते त्याला दिसू नये म्हणून ती तशीच पाठ फिरवून चालू लागली. 

विद्याधर तडक गुरुजींकडे गेला आणि सगळी कर्मकथा ऐकवून शेवटी म्हणाला, "गुरुजी, दोष माझा नाही. धुरीशेट अडाणी आहेत. त्यांना कळतच नाही."

गुरुजींनी ऐकून घेतले. ते उठले, धोतराचा काचा मारला आणि म्हणाले, "न्हाणीतल्या चुलीचं सरपण संपलंय. चल, ओंडका फोडू."

परसात फणसाचा एक जाडजूड ओंडका उभा करून ठेवला होता. गुरुजींनी लोखंडी पाचर घेतली, तिची जाड बाजू ओंडक्यावर टेकवली, पातळ धार आकाशाकडे केली, आणि दुसऱ्या हाताने हातोडा उगारून त्या धारेवर घाव घातला. पाचर टणकन उडाली आणि अंगणात जाऊन पडली.

"आण ती," गुरुजी म्हणाले.

विद्याधरने आणली. गुरुजींनी पुन्हा तशीच उलटी ठेवली. पुन्हा घाव. ह्या वेळी ती कुंपणावरून शेजारच्या परसात गेली. तिकडे कोंबड्यांचा एकच कल्लोळ उठला आणि शेजारीणबाईंचा आवाज आला, "ओ गुरुजी! कोंबो खाउचो आसात तर सांगा, मीच मारून देतंय!"

"क्षमा करा हो," गुरुजी म्हणाले, पाचर परत मागून घेतली आणि तिसऱ्यांदा उलटीच ओंडक्यावर ठेवली. आता मात्र विद्याधरच्याने राहवेना. गुरुजींचे वय झाले, डोके थकले, अशी शंका त्याच्या मनाला चाटून गेली.

"गुरुजी, पाचर उलटी धरली आहे तुम्ही."

"उलटी? छे. बघ तरी, ही जाड बाजू किती भारदस्त आहे. फळ्या मोडणारं सैन्य ह्या बाजूला, नाट्यगृह ह्या बाजूला, नाणी ह्या बाजूला. पातळ बाजूला आहे काय? एक धार. ती घेऊन ह्याच्यापुढे जायचं म्हणजे आपल्या विद्येचा अपमान."

"पण ती आत जाणार नाही."

"जाईल की. लाकूड अडाणी आहे, एवढंच. त्याला कळत नाही." आणि गुरुजींनी पुन्हा हातोडा उगारला.

विद्याधरने त्यांचा हात वरच्या वर धरला. त्याचे कान लालबुंद झाले होते. त्याने गुरुजींच्या हातातून हातोडा घेतला, पाचर घेतली, आणि ओंडक्याभोवती ओणवा होऊन फिरू लागला. एका बाजूला, साल सुटली होती तिथे, केसासारखी एक चीर होती. त्याने धार तिच्यात टेकवली. आधी हलकेच ठोकले, नुसते टक टक. पाचर उभी राहिली. मग जरा जोर लावला. मग आणखी. फणस कुरकुरला, चीर बोटाएवढी झाली, आणि पुढच्या घावाला ओंडका कर्रर्र करत दुभंगला. आतला पिवळाजर्द गाभा उन्हात चमकला. विद्याधर धापा टाकत उभा राहिला.

गुरुजी पायरीवर बसले होते. उपरण्याने कपाळ पुसत ते म्हणाले, "नीट बघ. लाकूड फुटलं ते जाड बाजूनेच. ती नसती तर नुसती धार आत जाऊन अडकून बसली असती. तू जे मिळवलंस, ते सैन्य, ती नाणी, तो तुझा डास, ते काही फुकट नाही. पण आत पहिल्यांदा शिरतं ते एवढंसं टोक. त्याच्यात विद्वत्ता मावत नाही. ते एकदा आत गेलं, की जाड बाजूला लाकूडच जागा करून देतं. तू मात्र समोर माणूस दिसला की त्याच्या कपाळावर जाड बाजू टेकवतोस आणि वरून हाणतोस. मग उडून पडलास की म्हणतोस, लाकूड अडाणी."

विद्याधरने मान खाली घातली.

"आणि आणखी एक," गुरुजी म्हणाले. "हातोडा उचलण्याआधी तू काय केलंस?"

"चीर शोधली."

"तेव्हा बोलत होतास?"

"नाही."

"बस्स," गुरुजी म्हणाले. "आता ते सरपण आत नेऊन ठेव."

एखाद्या नेटक्या कथेत शिष्याला इथेच बोध होतो आणि तो गुरूंचे पाय धरतो. विद्याधरने पायही धरले आणि सरपणही आत नेले. पण ऐकलेला बोध जिभेपर्यंत उतरायला वेळ लागतो, आणि विद्वानाच्या जिभेपर्यंत तर फारच.

रविवारी सकाळी तो निघाला तो वाटभर घोकतच. "मी हायस्कुलात शिकवतो. घरी आई-वडील आहेत. मी हायस्कुलात शिकवतो." ओढ्यावरच्या साकवावर त्याने हे एका म्हशीलाही ऐकवले, आणि तिने शांतपणे ऐकून घेतल्यामुळे त्याला धीर आला. पडवीची पायरी चढेपर्यंत सारे तोंडपाठ होते. धुरीशेट झोपाळ्यावर बसले होते. त्यांच्या मिशा पाहिल्या मात्र, आणि घोकलेले सगळे साकवावरच राहिले.

"बस," धुरीशेट म्हणाले. "बोल."

"शेट," विद्याधर म्हणाला, "पाचरेला दोन बाजू असतात. एक जाड आणि एक पातळ. आता लाकडात आधी कुठली शिरते, ह्याचा विचार केला असता..."

दारात उभ्या असलेल्या शालनने कपाळाला हात लावला. पातळ बाजू आधी, हा धडा विद्याधर जाड बाजूकडून सांगत होता! आणि सांगत होता तो कोणाला, तर ज्याच्या वखारीत पाचरांचे ढीग पडले होते त्याला.

"पुरे!" धुरीशेट गरजले. झोपाळा थांबला. "लाकूड कसा फोडूचा ता तू माका शिकवतंस?"

ते उठून उभे राहिले. विद्याधरही उठला. संपले सगळे, असे त्याला वाटले. शालन दारातून हलली नाही. ती वडिलांकडे नुसती पाहत राहिली. आणि धुरीशेट, आत जायला वळलेले, तिच्या त्या पाहण्यापाशी अडले. गडी कितीही ओरडणारा असला तरी लेकीची नजर ओलांडून जाणे त्यांना जमले नाही. ते परत झोपाळ्यावर टेकले आणि, मला वाटते आयुष्यात पहिल्यांदाच, हळू आवाजात बोलले.

"एकच इचारतंय. मगे तू जा. तुका माझा चेडू, माझी शालन, कित्याक होया?"

विद्याधरने तोंड उघडले. उत्तरे पुष्कळ होती. प्रीतीची मीमांसा होती, उपमा होत्या, दोन-तीन व्युत्पत्तीही दाराशी ताटकळत उभ्या होत्या. त्याने तोंड मिटले. आणि तो गप्प राहिला म्हणून त्याला समोरचा माणूस दिसला. इतका वेळ दिसल्या होत्या त्या नुसत्या मिशा. आता दिसले की हा म्हातारा होत चाललेला माणूस घाबरलेला आहे. त्याची लेक एका घरातून दुसऱ्या घरात जाणार आहे, तिथे तिचे काय होईल हे त्याला माहीत नाही, आणि ते विचारायचे कसे हेही माहीत नाही. म्हणून तो ओरडतो. विद्याधरला त्याची फार माया वाटली.

"शालन बोलता तेवा," विद्याधर म्हणाला, आणि इतक्या वर्षांची पुस्तकी मराठी कुठे गेली कोण जाणे, "माका गप रवाक बरा वाटता."

"कोणाक? तुका?" धुरीशेटांचा विश्वास बसेना. "गप?"

"व्हय."

धुरीशेटांनी मुलीकडे पाहिले. "खरा?"

"खरा," शालन म्हणाली. "पयल्या दिवशी तो बोलत होतो. त्येच्या दुसऱ्या दिवसापासून मीच बोलतंय. कुठचा लाकूड कसा ओळखूचा, पावसात त्याचा काय होता, माका काय वाटता, सगळा. तो मधी तोंड उघडना नाय. बाबा, ह्या घरात माझा वाक्य पुरा कोण होऊ..."

"अगो, मी कधी तुका..." धुरीशेट म्हणाले, आणि थांबले.

कारण ते वाक्य त्यांनी नुकतेच तोडले होते. हे तिघांनाही कळले. शालनला हसू आले, पण वडिलांचा चेहरा पाहून तिने ते आवरले. धुरीशेट झोपाळ्याच्या कडीकडे पाहत होते.

"तुझी आवस पण ह्याच सांगी," ते थोड्या वेळाने म्हणाले. "सांगूक लागली काय मी म्हणी, माका ठावक आसा. काय सांगूचा होता तिका, ता ऱ्हवलाच."

विद्याधर मध्ये बोलला नाही, आणि ह्या वेळी त्याला त्यासाठी काही करावे लागले नाही. शालन पुढे आली आणि वडिलांच्या शेजारी झोपाळ्यावर बसली.

धुरीशेटांनी उपरण्याच्या टोकाने डोळे पुसले, नाक ओढले, आणि आवाज जागेवर आणला. "शालन, वेंगुर्ल्याक फोन कर. सांग, नारळ घेवन येव नका, माझ्या चेडवान आपणच न्हवरो बघल्यान." मग विद्याधरकडे वळून, "आणि तुझ्या आवशी-बापाशीक घेवन ये. आसत ना?"

"आसत," विद्याधर म्हणाला. त्याला पुढेही बरेच सुचले होते, पण तो तेवढेच बोलला.

शालन फोन करायला आत गेली. पडवीत दोघेच राहिले. सासरा आणि जावई पहिल्यांदा एकटे बसले की होते तशी अडचण झाली. धुरीशेटांनी खाजे पुढे केले, विद्याधरने एक घेतले. झोपाळा थोडा हलला.

"तो तुझो शब्द," धुरीशेट शेवटी म्हणाले. "इतके दिवस जेच्या पाठी लागलंस तो. थोडक्यात सांग. म्हणजे काय?"

"पाचर," विद्याधर म्हणाला, आणि खाजे खाऊ लागला.

धुरीशेट वाट पाहत राहिले. काहीच येईना. ते जरा पुढे सरकले. मग झोपाळा पायाने थांबवून ते आणखी पुढे सरकले.

"मगे?" त्यांनी विचारले.

ज्यांच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे त्यांनी, आणि त्यात आम्ही स्तंभ लिहिणारेही आलो, समोरच्याच्या तोंडून हा एवढा प्रश्न येईपर्यंत खाजे खावे.